तीन पावलं मागे

दाराशी स्टीलचा एक डबा ठेवलेला असतो. आत जाणारा प्रत्येक जण त्यात काही ना काही टाकतो. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी. एक मुलगी मनगट आवळून चांदीची बांगडी काढत होती. एका मुलाच्या हातात देवीचा गंडा होता. तो काढायला घरून परवानगी नव्हती, म्हणून त्यानं त्यावर चिकटपट्टीचे चार वेढे घेतले आणि बाही खाली ओढली. मीही लग्नातली अंगठी काढायला घेतली. ती निघेना, शेवटी साबण लावावा लागला.

“देवळात चपला बाहेर, इथं सोनं बाहेर,” सर म्हणाले आणि त्यांनी डावा हात पुढे केला. अनामिकेभोवती कातडीचं एक गुळगुळीत, पांढुरकं वळं होतं. तरुणपणीची गोष्ट. विमानाच्या बॅटरीचं काम चाललेलं. पाना धन टोकावर, बोटातली अंगठी एकीकडे पान्याला टेकलेली आणि दुसरीकडे विमानाच्या धातूला. विमानाचा सगळा धातूचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणजे वर्तुळ पूर्ण. “चोवीस व्होल्टचा शॉक नाही बसत, भाऊ. अंगठी लालबुंद होते. अन् बोट आतच राह्यते.”

आमच्या संपादकांनी यंदाच्या अंकासाठी एकच शब्द दिला होता, ‘हात’. कुंभार, विणकर, मूर्तिकार, सुईण असे हात आधीच वाटले गेले होते. मी म्हटलं, विमानाला हात लावणारी माणसं चालतील का? फोनवर क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “विमानात आता हाताचं काय राहिलंय? सगळं कॉम्प्युटरच करतो ना?”

या प्रश्नापायी मी नागपुरात, वर्धा रस्त्यावरच्या एका प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत उभा होतो. इथं विमानाची वीज आणि एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानाची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, दुरुस्त करायला शिकवतात. पत्र्याचं उंच छप्पर, हिरवट रंगाची जमीन, भिंतीशी लाकडी टेबलं आणि मधोमध एक छोटं विमान. ते आता उडत नाही. पोट उघडं, पंखावरची झाकणं काढलेली, आतली वायरिंग शवविच्छेदनासारखी बाहेर आलेली. भोवती वीस-बावीस मुलंमुली.

एकोणीस तारा

पहिला तासभर बांगडीवाली मुलगी फक्त वायर सोलत होती. ती अकोल्याची. वायर २२ गेजची. गेजचा आकडा वाढतो तशी वायर बारीक होत जाते, हे इथं पहिल्याच दिवशी कळतं. या वायरीच्या पोटात केसासारख्या १९ तारा पिळलेल्या असतात. वरचं आवरण नेमकं कापायचं आणि आतल्या एकाही तारेला ओरखडा जाऊ द्यायचा नाही. सोललेलं टोक ती भिंगाखाली धरायची, मोजायची, आणि वायर टाकून द्यायची. पुन्हा नवी. टेबलाखाली कापलेल्या तुकड्यांचा ढीग साचला होता.

“अठरा,” ती म्हणाली. एक तार कातरली गेली होती.

घरी आपण प्लगमध्ये वायर जोडताना दोनचार तारा तुटल्या तर त्या फुंकून टाकतो आणि स्क्रू पिळतो. घर हलत नाही म्हणून ते चालतं. विमान अखंड थरथरतं. जमिनीवर ४५ अंशांत तापलेलं विमान अर्ध्या तासात उणे ५० अंशांच्या हवेत असतं, आणि दिवसातून चारपाच वेळा. ओरखडा गेलेली तार तिथंच थकते, तिथंच तुटते. मग उरलेल्या तारांवर भार, मग त्या तापतात.

सोललेलं टोक पितळी सुईएवढ्या पिनेत जातं. पिनेच्या बगलेला एक बारीकसं भोक असतं. त्यातून तारा दिसल्या पाहिजेत, तरच वायर तळापर्यंत गेली असं समजायचं. मग क्रिम्पर. दिसायला पक्कडच, पण आत चार जबडे असतात आणि ते चारही बाजूंनी पीन चेपतात. या पकडीची एक खोड आहे. एकदा दाबायला सुरुवात केली की पूर्ण दाब बसल्याशिवाय ती उघडतच नाही. माणूस मध्येच कंटाळेल, त्याचं लक्ष उडेल, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं आहे.

डाग का देत नाहीत, मी विचारलं. लहानपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कथलाचा धूर पाहिलेला माणूस हेच विचारणार. सरांनी डाग दिलेल्या वायरीचा एक तुकडा माझ्या हातात दिला. “वाकवा.” कथील तारांच्या आत चढून वायर काडीसारखी कडक झाली होती. जिथं कथील संपतं तिथं कडक आणि मऊ यांची सीमा. पाचसहा वेळा इकडेतिकडे केल्यावर ती नेमकी त्याच सीमेवर तुटली. चेपलेली पीन मात्र थरथर सोसते.

पीन तयार झाली की कनेक्टरमध्ये बसवायची. कनेक्टर म्हणजे गोल धातूचा डबीसारखा तुकडा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी त्याला भोकं, प्रत्येक भोकाला अक्षर किंवा आकडा. पीन आत ढकलायला बोटभर लांबीचं प्लास्टिकचं टूल असतं. लाल टोकानं पीन आत सारायची, पांढऱ्या टोकानं काढायची. ढकला, ‘टक्’ ऐका, मग हलकेच ओढून पाहा. तीन क्रिया. ‘टक्’ ऐकू आलं म्हणून ओढायचं सोडायचं नाही.

सरांनी मलाही एक पीन बसवू दिली. पहिल्यांदा ती तिरकी गेली. दुसऱ्यांदा ‘टक्’ झालं आणि ओढल्यावर माझ्या हातात आली. तिसऱ्यांदा बसली. इतका आनंद मला अलीकडे लेख छापून आल्यावरही झालेला नाही. तेवढ्यात चहाची हाक आली. कार्यशाळेत चहा चालत नाही. वहीत खूण घालून मी सगळ्यांबरोबर बाहेर आलो.

नागपूर ते शिर्डी

बाहेर कडुनिंबाखाली चहा पिता पिता एका मुलानं मला वायरीचं गणित सांगितलं. एअरबस ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ५२० किलोमीटरचा. “म्हणजे सर, नागपूरहून निघालो तर साईबाबाचं दर्शन घेऊन थोडं पुढंच.” हीच वायर एकदा त्या विमानाच्या गळ्याशी आली होती. एअरबसच्या हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथल्या अभियंत्यांनी आरेखनाच्या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या. २००६ मध्ये प्रत्यक्ष जुळणी करताना वायरींचे तयार जुडगे वळणांवर आखूड पडू लागले. विमान जवळपास दोन वर्षं लांबलं. पडद्यावर वायर पुरत होती, हातात पुरली नाही.

या वायरीतून वाहणारी वीजही घरच्यासारखी नसते. महावितरणची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. बहुतेक प्रवासी विमानांत ११५ व्होल्ट आणि ४०० आवर्तनं. आवर्तनं वाढली की तेवढ्याच कामाला लहान ट्रान्सफॉर्मर आणि लहान मोटर पुरते. लोखंड कमी, तांबं कमी, वजन कमी. विमानात सगळे हिशेब शेवटी वजनापाशी येतात. याच्या जोडीला २८ व्होल्टची डीसी वीज असते. त्यातली थोडी बॅटरीतून येते आणि सगळं बंद पडलं तरी मोजक्या उपकरणांना जागं ठेवते.

पण ही ४०० आवर्तनं टिकवायची कशी? जनरेटर इंजिनावर बसलेला. उड्डाणाच्या वेळी इंजिन जोरात फिरतं, उतरताना मंदावतं. जनरेटर मात्र एकाच गतीनं फिरला पाहिजे. म्हणून दोघांच्या मध्ये तेलाच्या दाबावर चालणारा एक गिअर असतो. इंजिन काहीही करो, तो जनरेटरला ठरलेली गती देतो. ए-३२० मध्ये ती मिनिटाला २४,००० फेरे आहे. सर वर्गात हे शिकवताना सासू, सून आणि मध्ये उभा असलेला नवरा असा दाखला देतात. मुली हसत नाहीत, मुलं हसतात, आणि परीक्षेत सगळ्यांना आठवतं.

आणखी एक फरक मला चकवून गेला. आपल्याकडे दिव्याला दोन वायरी, एक जाणारी आणि एक येणारी. विमानात पुष्कळ ठिकाणी येणारी वायरच नसते. वीज विमानाच्या ॲल्युमिनियमच्या अंगातूनच परतते. म्हणून अंगाचा प्रत्येक भाग दुसऱ्याशी नीट जोडलेला हवा. दार, पंखाची हलती फळी, सगळीकडे चपट्या विणलेल्या तारेच्या पट्ट्या. याला बाँडिंग म्हणतात. जिथं पट्टी बसते तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा लागतो आणि मग मीटर लावून रोध मोजायचा. तोही ओहमच्या हजाराव्या भागांत. वीज पडली तर तिलाही याच वाटेनं अंगावरून सरकत निघून जायचं असतं.

खुंटीची गाठ

चहानंतर वायरींचे जुडगे बांधायचे होते. प्लास्टिकचे पट्टे सोपे पडतात, पण मेणावलेल्या सपाट दोऱ्यानं बांधण्याची जुनी पद्धत अजून शिकवतात. दोरा दोनदा फिरवून स्वतःखालून काढायचा आणि वर चौकोनी गाठ. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची गाठ सरकली. यवतमाळकडच्या एका मुलानं मात्र ती न बघता घातली.

“आधी शिकलास का रे?”

“नाही सर. दावं खुंटीला असंच आवळते माझा बाबा.”

सर काही बोलले नाहीत. त्याचा जुडगा त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवला. कापूस पिकवणाऱ्या घरातली गाठ, आणि इंग्रजी पुस्तकात तीच आकृती काढून दिलेली.

बांधला की जुडगा विमानात न्यायचा, आणि तिथं नियमांची खरी गर्दी सुरू होते. वळण फार आवळायचं नाही, जुडग्यातल्या सर्वांत जाड वायरीच्या जाडीच्या दहापट त्रिज्या तरी हवी. दोन क्लॅम्पांच्या मध्ये हातानं दाबलं तर अर्ध्या इंचाहून जास्त झोळ नको. कनेक्टरच्या अलीकडे वायरीला खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे घरंगळत आलेलं पाणी तिथून टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. तेलाच्या किंवा इंधनाच्या नळीच्या खालून वायर न्यायची नाही. शेजारी कोणी भोक पाडत असेल तर आधी जुडगा झाकायचा. धातूचा कीस पडलाच तर तो शोषून घ्यायचा, हवेच्या झोतानं उडवायचा नाही, नाहीतर तो वायरींच्या आत आणखी खोल जातो.

वायरीकडे इतकं बारकाईनं पाहणं विमानविद्येत उशिराच आलं. आधी वायर म्हणजे बसवली की विसरली. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं एमडी-११ विमान कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपास मंडळानं समुद्रातून तुकडे गोळा करून चार वर्षांहून जास्त काळ जुळवाजुळव केली. कॉकपिटच्या छतावरच्या वायरिंगमध्ये ठिणगी उडाली होती. तिनं उष्णतारोधक गाद्यांचं चमकदार आवरण पेटलं. प्रवाशांच्या करमणुकीच्या पडद्यांना वीज पुरवणाऱ्या वायरीवर वितळलेल्या तांब्याचा मणी सापडला. दोन वर्षं आधी, जुलै १९९६ मध्ये, न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं ७४७ विमान मधल्या इंधनटाकीत स्फोट होऊन पडलं होतं. तिथंही टाकीबाहेरच्या वायरींतल्या शॉर्टसर्किटमधून जादा वीज इंधन मोजणाऱ्या वायरीत शिरली असावी, हाच निष्कर्ष सर्वांत संभाव्य ठरला. या दोन अपघातांनंतर वायरिंगला स्वतंत्र यंत्रणा मानलं गेलं आणि तिच्या तपासणीचं प्रशिक्षण वेगळं झालं. अकोल्याची मुलगी अठरावी-एकोणिसावी तार मोजते, त्यामागे हे सगळं आहे.

पाठांतराला बंदी

दुपारी दोष शोधण्याचा तास. भिंतीवर एक मोठा फळा. त्यावर विमानाच्या दिव्यांची खरी यंत्रणा मांडलेली, स्विच, रिले, ब्रेकर, दिवे. फळ्यामागे सरांचे गुप्त स्विच. ते एखादी वायर मागून तोडतात किंवा दुसरीला चिकटवतात, आणि पुढे येऊन म्हणतात, “स्नॅग आहे. लँडिंग लाइट लागत नाही.” विमानाच्या दुनियेत बिघाडाला ‘स्नॅग’च म्हणतात.

एक मुलगा सरळ उठला, मल्टिमीटर उचललं आणि रिलेपाशी गेला. मागच्या आठवड्यात दोष तिथंच होता.

“मॅन्युअल कुठं आहे?” सरांनी विचारलं.

“सर, पाठ आहे.”

“पाठ आहे? मग खाली बस.”

आपल्या शाळांनी ज्या गोष्टीसाठी मुलांना शाबासकी दिली, पेढे वाटले, ती इथं चूक धरली जाते. दहावी-बारावीला पाठांतरावर वर आलेली मुलं इथं आली की पहिले काही महिने गोंधळतात. पन्नासदा केलेलं काम एक्कावन्नाव्यांदा करतानाही पुस्तक उघडं हवं, आणि तेही आजच्या तारखेला लागू असलेलं. मधल्या काळात कंपनीनं एखादा आकडा बदलला असेल. सर्किटचा नकाशा समोर धरायचा, वीज कुठून निघाली आणि कुठवर पोचली हे बोटानं चालत जायचं, मग मधोमध मीटर लावायचं. इथं २८ व्होल्ट आहेत? म्हणजे मागचं अर्धं सर्किट सुटलं. आता उरलेल्याच्या मधोमध. चारपाच पावलांत दोष सापडतो.

घाईतला माणूस डबे बदलत सुटतो. हा काढ, तो लाव, दिवा लागला की खूश. काढलेला डबा दुरुस्तीला जातो आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येतो. कारण दोष डब्यात नव्हताच, त्याच्या मागच्या सैल पिनेत होता. डबा हलवताना ती पीन तेवढ्यापुरती टेकली. दोन उड्डाणांनंतर स्नॅग पुन्हा हजर.

डोळ्यांवरचा आणि आठवणीवरचा विश्वास किती महाग पडतो, याची एक गोष्ट सर प्रत्येक तुकडीला सांगतात. जून १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची कॉकपिटची काच रात्रपाळीत बदलली गेली. बोल्ट जुन्याशी नजरेनं जुळवून घेतले. बसवलेल्या ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास किंचित कमी होता. फरक इंचाच्या हजाराव्या भागांतला, नखाएवढाही नाही. दुसऱ्या सकाळी सतरा हजार फुटांवर काच उडाली आणि वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, विमान उतरलं, तो वाचला. बोल्ट बसवणारा माणूस आळशी नव्हता की अडाणी नव्हता. अनुभवी होता. सर इथं थांबतात आणि वर्गाकडे पाहतात.

कुंभारीण

फळ्यावरचे दिवे लागले तेव्हा ऊन कलत होतं. आम्ही विमानाच्या नाकाशी गेलो. तिथं पुढे रोखलेली एक छोटी नळी, पिटो ट्यूब. समोरून येणाऱ्या हवेचा दाब तिच्यात शिरतो आणि त्यावरून वेग कळतो. बाजूच्या पत्र्यावर बारीक भोकं, त्यांतून बाहेरच्या हवेचा शांत दाब, त्यावरून उंची. कितीही संगणक बसवा, त्यांना वेग आणि उंची सांगणारी ही भोकंच.

नळीवर लाल फडक्याचं टोपरं होतं. विमान उभं राहिलं की ते घालायचं, उडायच्या आधी आठवणीनं काढायचं. ते कशासाठी, हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात, नळाच्या तोंडात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी इथं घरोघरी असते. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बिर्गेनएअरचं ७५७ विमान वेगाचे खोटे आकडे दाखवत समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. ते विमान बरेच दिवस उभं होतं आणि उड्डाणाआधी काही काळ नळीवर टोपरं नव्हतं. नळीत अशाच मातीच्या माशीनं घर केलं असावं, असा तपासकर्त्यांचा कयास होता.

त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, पेरू देशात लिमाहून निघालेल्या दुसऱ्या ७५७ चा घात माणसाच्या हातानं झाला. विमान धुताना बाजूच्या भोकांत पाणी जाऊ नये म्हणून त्यांवर चंदेरी चिकटपट्टी लावली होती. धुऊन झाल्यावर ती काढायची राहिली. चंदेरी पत्र्यावर चंदेरी पट्टी, रात्रीची वेळ, तपासणाऱ्या कोणाच्याच नजरेला ती पडली नाही. वैमानिकांना उंची कळेना, खाली काळा पॅसिफिक. ७० माणसं गेली.

यवतमाळच्या मुलानं विचारलं, “मग पट्टी लालच काऊन नाही लावली?” या एका प्रश्नात अर्धी विमानसुरक्षा आहे. तात्पुरत्या लावलेल्या प्रत्येक गोष्टीनं ओरडून सांगितलं पाहिजे की मला काढा.

आणि काम झाल्यावर ते ‘चालतं’ एवढं पाहून भागत नाही. मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या ए-३२० च्या एका कनेक्टरची दुरुस्ती झाली होती. नव्या कनेक्टरमध्ये वायरींच्या दोन जोड्या उलट बसल्या. कॅप्टनच्या हातातल्या दांड्याचं उजवं डावं झालं आणि डावं उजवं. उड्डाणापूर्वीच्या तपासणीतही ते निसटलं. विमान उठताच डावीकडे किंचित झुकलं, कॅप्टननं उजवीकडे दांडा दाबला, ते आणखी डावीकडे गेलं. पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असताना सहवैमानिकानं आपल्या दांड्यानं ताबा घेतला. त्याच्याकडच्या वायरी सरळ होत्या. सगळे वाचले.

सर म्हणतात, हललं का, हे विचारू नका. कुठं हललं, ते विचारा.

सहीपर्यंतची वाट

या मुलांना शेवटी हवी असते ती सही करण्याची मुभा. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परवाना देतं. इंजिन आणि सांगाडा सांभाळणाऱ्यांचा बी-१, वीज आणि एव्हिऑनिक्सवाल्यांचा बी-२. विषयवार परीक्षा, प्रत्येकीत उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव. परवाना हातात आला तरी विशिष्ट जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण झाल्याशिवाय त्या विमानावर सही करता येत नाही. मग एका रात्री केव्हातरी, पहाटे तीनच्या सुमाराला, दीडशे माणसं सकाळी बसणार असलेल्या विमानाच्या वहीत तो मुलगा किंवा ती मुलगी लिहिते की हे विमान उडायला योग्य आहे. खाली नाव आणि परवान्याचा क्रमांक.

इथून जवळच मिहान या औद्योगिक प्रकल्पात हँगर आहेत. बोइंगनं एअर इंडियासाठी उभारलेलं दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये तिथं सुरू झालं. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये डसॉल्ट कंपनीच्या साहाय्यानं विमानाचे फिटर घडवणारा अभ्यासक्रम आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, म्हणजे एचएएलनं, मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं बांधली, त्यात कित्येक मराठी घरांची दुसरी पिढी लागली. वर्धा रस्त्यावरच्या या मुलांना वर पाहिलं की विमान दिसतं.

पण दिसणं आणि हाताला लागणं यांत अंतर आहे. बाहेर एका पालकांची गाठ पडली. शेत गहाण टाकून फी भरलेली. मुलगा दुसऱ्या एका संस्थेत शिकतो. तिथं दोन वर्षं कागदावरचं विमान पाहिलं, प्रत्यक्षाला एक गंजका सांगाडा, त्यालाही ‘हात लावू नका’ अशी पाटी. “पोराला सगळं येते हो, फक्त करता येत नाही,” ते म्हणाले. या क्षेत्राची अडचण एका वाक्यात मावावी, तसं ते वाक्य होतं. इथलं विमानही जुनंच आहे, हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानांच्या तीन पिढ्या मागचं. पण ते उघडायला मिळतं, बिघडवायला मिळतं. सर म्हणतात, जिवंत विमानावर चूक करायच्या आधी मेलेल्या विमानावर शंभर करून घ्या.

एक टूल कमी

पाच वाजता आवराआवर सुरू झाली. भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू ड्रायव्हरची पांढरी आकृती रंगवलेली. टूल आपापल्या सावलीवर जाऊन बसतं. पांढरं काही उघडं राहिलं, तर टूल बाहेर आहे. विमानात राहिलेला एक स्क्रू ड्रायव्हर नियंत्रणाच्या तारांत अडकू शकतो, म्हणून खऱ्या हँगरमध्ये एक टूल सापडलं नाही तर विमान सुटत नाही. इथं दार उघडत नाही.

तळाच्या ओळीत बोटभर लांबीची एक सावली रिकामी होती. पिना बसवायचं लाल-पांढरं टूल. बाजारात काही रुपयांचं.

कोणी कुरकुर केली नाही, मला वाटलं होतं करतील. गावाकडच्या बस चुकणार होत्या. मुलं जमिनीवर ओणवी झाली, विमानाच्या पोटात टॉर्च फिरले, अकोल्याच्या मुलीनं वायरीच्या तुकड्यांचा ढीग वर्तमानपत्रावर पसरून हातानं चाळला. वीस मिनिटं गेली.

मग सरांनी सगळ्यांना उभं केलं. कामात व्यत्यय आला, तर परत आल्यावर जिथं सोडलं तिथून सुरू करायचं नाही, तीन पावलं मागे जाऊन सुरू करायचं, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा धडा. “व्यत्यय कवा आला होता?”

“चहा, सर.”

“चहाच्या आधी टूल कुठं होतं?”

“टेबल चार.”

“टेबल चारवर कोण बसलं होतं?”

वीस-बावीस जण माझ्याकडे वळले. मी शर्टाचे खिसे चाचपले. पँटचे चाचपले. माझ्याकडे नाही, असं मी ठामपणे सांगितलं, आणि ते सांगताना माझा खरोखरच त्यावर विश्वास होता. अकोल्याची मुलगी पुढे आली. “सर, तुमची वही पाहू का?”

वही उघडली. समृद्धी महामार्गाचा हिशेब लिहिला होता त्याच्या आदल्या पानात, खुणेला घातल्यासारखं, ते लाल-पांढरं टूल सपाट पडून होतं. दुपारभर मी ती वही उघडत होतो आणि मिटत होतो. त्याच वहीत माणसं कशी विसरतात, हे मी पानंच्या पानं लिहून घेतलं होतं.

कोणी हसलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं. सरांनी टूल सावलीवर लावलं, कपाटातून एक रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तारीख, वेळ, काय हरवलं, कुठं सापडलं, कारण. कारणाच्या रकान्यात मी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि रजिस्टर परत माझ्याकडे सरकवलं.

“नजरेचं नका लिहू, भाऊ. काय झालं ते लिहा.”

मी ते खोडलं आणि लिहिलं: काम चालू असताना चहाची हाक आली, टूल हातात होतं, वहीत ठेवलं, परत आल्यावर पाहिलं नाही. खाली सही केली. बाहेर आलो, डब्यातली अंगठी घेतली आणि बोटात घालण्याआधी जरा वेळ तशीच हातात धरून उभा राहिलो.